आजोबांच्या पेटीतलं नाणं बापाचं की पोराचं?

प्रश्न : आमचे आजोबा बोटीवर खलाशी होते, सुएझ-अलेक्झांड्रियाकडे फेऱ्या असायच्या. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक छोटं हिरवट नाणं मिळालं, एका बाजूला पोरसवदा चेहरा नि भोवती रोमन अक्षरांत ‘कॉन्स्टँटिनस आययूएन एनओबी सी’, मागे दोन सैनिक, खाली ‘एसएमएएल’. हा रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनच ना? चौलला रोमन जहाजं यायची, त्यातलं असेल का? आई म्हणते चिंचेने घास, चकचकीत होईल.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी आईंना थांबवा! चिंचेने तो हिरवा थर जाईल आणि त्याच्यासोबत अक्षरंपण जातील, मग ओळखायला काही उरणार नाही.

आता चेहरा. हा बादशहा नाही, त्याचा त्याच नावाचा मुलगा, दुसरा कॉन्स्टंटाइन. ‘आययूएन’ म्हणजे ज्युनियर, ‘एनओबी सी’ म्हणजे नोबिलिसिमस सीझर, युवराजाची पदवी. बादशहा असता तर ‘एयूजी’ म्हणजे ऑगस्टस लिहिलं असतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसाची नोंद होते ना तसंच हे, फक्त बाप जिवंत असताना, आणि ब्राँझचं सुटं नाणं बाजारात हातोहात फिरतं म्हणून पुढचा मालक कोण ते सगळ्यांना कळायचं. 317 मध्ये हा आणि त्याचा सावत्र भाऊ क्रिस्पस एकाच वेळी सीझर झाले, पण 326 मध्ये बापानेच क्रिस्पसला मारलं, त्यामुळे या दोन सैनिकांच्या नाण्यांवर तो नाहीच. आणि तुमचा हा पोरगा 340 मध्ये धाकट्या भावाशी लढताना मेला, वारसाहक्काची भांडणं काय आपल्याच गावात होतात असं नाही!

‘एसएमएएल’ म्हणजे अलेक्झांड्रियाची टांकसाळ, त्यामुळे मला तरी वाटतं आजोबांनी तिथेच कुठेतरी घेतलं असणार. चौल, सोपारा, कल्याण यांची नावं ‘पेरिप्लस’मध्ये, म्हणजे समुद्री व्यापाराच्या जुन्या ग्रीक पुस्तकात आहेत, पण ते पहिल्या शतकातलं, हे नाणं त्यानंतर अडीचशेहून जास्त वर्षांनी पाडलेलं. अशी उशिराची ब्राँझ नाणी भरपूर सापडतात ती तमिळनाडू आणि श्रीलंकेत.

किंमत फार नाही हो, अशी लाखोंनी पाडलीत. पण आपली खारी दमट हवा ब्राँझला वाईट, फिकट हिरवी पूड सुटायला लागली तर नाणं आतून खाल्लं जातंय समजा. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. आणि भिंगातून सैनिकांच्या मधले झेंडे मोजा, दोन असतील तर साधारण 330 ते 335 मधलं, एकच असेल तर त्यानंतरचं.