बाद झालेलं मूल कुठे बसतं?

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "दादा, मुलं येतात, पण गट होत नाही." आठवी ते दहावीची मुलं, मुलगे एका भिंतीला, मुली दुसऱ्या भिंतीला. ओळख करून द्या म्हटलं की नाव, इयत्ता, शाळा सांगून खाली बसतात. मग तू विचारलंस, खेळात वेळ घालवू की सरळ विषयाला हात घालू?

घालवू म्हणे! 1941 साली राष्ट्र सेवा दल उभं राहिलं तेव्हापासून त्यांच्या शाखेत खेळ, गाणी आणि बौद्धिक शेजारीशेजारी नांदत आले. पहिला महिनाभर तुझी ती चर्चेच्या विषयांची वही उघडूच नकोस. खेळ घे. मात्र एक गोष्ट सोडू नकोस: बाद झालेलं मूल बाजूला बसता कामा नये.

पहिल्यांदा बाद कोण होतं, हे नीट बघितलंयस? नवीन आलेला, लाजणारी, धावताना दम लागणारा. ज्यांच्यासाठी खेळ घ्यायचा, तेच पहिल्या मिनिटाला बाहेर. चौदाव्या वर्षी असं कडेला बसणं म्हणजे सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटणं. एका शिबिरात एक मुलगी रोज पहिल्याच फेरीत बाद व्हायची. मग एके दिवशी पोट दुखतंय म्हणाली आणि उरलेलं शिबिर पायरीवर बसून राहिली. तिच्याशी जाऊन बोलायचं माझं राहूनच गेलं. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून विषामृतापासून सुरुवात कर. राज्य असलेल्याने 'विष' म्हणत हात लावला की मूल जागच्या जागी थिजतं, दुसऱ्याने 'अमृत' म्हणत हात लावला की सुटतं. पहिल्या दिवशी मुलगे मुलग्यांनाच सोडवतील, मुली मैत्रिणींनाच. भाषण देऊ नकोस. फक्त राज्य एकाऐवजी तिघांवर दे. निम्मं मैदान थिजलं की निवड करायला कुणाला फुरसत नसते. जो जवळ आहे त्याला सोडवावंच लागतं. ज्या मुलीशी कोणी बोलत नव्हतं तिच्याकडे कुणीतरी जीव तोडून धावतं. मला हेच हवं असतं.

साखळीही तशीच. पकडलेला साखळीत येतो, म्हणजे खेळ वाढतो, माणसं कमी होत नाहीत. या वयात मुलगे-मुली हात धरायला लाजतात, तर सुरुवातीला मध्ये रुमाल धरू दे. 'शिवाजी म्हणतो'मध्ये जो चुकेल त्याने पुढचे हुकूम द्यायचे. संगीत खुर्चीत खुर्च्या काढ, मुलं काढू नकोस; शेवटी उरलेल्या चार खुर्च्यांवर सगळ्यांनी मावायचं. कसं, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. मामाचं पत्र आहे तसंच चालतं.

"अशाने मुलं मऊ पडतील," हे मी आमच्याच ज्येष्ठांकडून वर्षानुवर्षं ऐकलं. बक्षिसं ठेवा, जिंकणारा दिसला पाहिजे, असा आग्रह असायचा. मी ऐकलं नाही. हट्टी म्हणून नाव झालं, दोन माणसं दुरावली, तरी मला आजही तेच बरोबर वाटतं. मी स्पर्धेच्या विरोधात नाही रे! 1914 साली डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम बांधले गेले, त्यात बाद होणं आहेच, आणि असायलाच हवं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत आपले दोन्ही संघ विश्वचषक जिंकले तेव्हा मीही घरात ओरडलो. पण तिथे मैदानात उतरण्याआधीच संघ झालेला असतो. बाद झालेला आपल्याच माणसांत जाऊन बसतो. तुझ्या पोराला बाद होऊन जायला कुठली माणसं आहेत? आधी ती होऊ देत. मग खुशाल लंगडीचे सामने लाव.

आणि तू कडेला उभा राहून शिट्टी वाजवतोस ना? ते बंद कर. राज्य घे, पकडला जा, थिजून उभा राहा. तुला सोडवायला कोण येतं ते मला रविवारी रात्री फोन करून सांग. वहीचं नंतर बघू.

तुझा,
दादा