भिंतीकडे कललेले लहान झाड उलट दिशेला सुरक्षितपणे कसे पाडावे?

आपल्या नागपुरातील अंगणातली, भिंतीकडे कललेली सुबाभूळ मोकळ्या बाजूला पाडायची असल्यास प्रथम महानगरपालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार ती आवश्यक आहे. जवळून विजेची तार जात असेल, तर हे काम कृपया स्वतः करूच नये.

सगळे वजन भिंतीकडे असल्याने नुसत्या पाचरीवर विसंबू नये. झाडाच्या दोन-तृतीयांश उंचीवर मजबूत दोर बांधून तो मोकळ्या बाजूला ताणावा. ओढणाऱ्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभे राहावे. मग त्याच बाजूला खोडाच्या जाडीच्या एक-चतुर्थांश खोल खाच घ्यावी आणि भिंतीच्या बाजूने घ्यायचा मागचा काप खाचेच्या टोकापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच धरावा. करवत थोडी आत शिरताच मागे पाचर ठोकावी, अन्यथा मागे झुकणारे खोड पाते गच्च आवळते. खाच आणि मागचा काप यांच्यामधली लाकडाची पट्टी मात्र अजिबात कापू नये. २० सेंटिमीटर खोडात साधारण २ सेंटिमीटरची ही पट्टीच बिजागरीसारखी झाडाला वळवते, आणि ती तुटली की झाड भिंतीवरच येते. उन्हाळ्यातल्या दुपारी नागपुरात अचानक वावटळ उठते, म्हणून सकाळची शांत वेळ निवडावी.