वाचक विचारतात: बांधाला पाझर लागलाय, बाहेरून सिमेंट ओतू का?

प्रश्न: सर, वाळपयपासून आत आमचं कुळागर आहे, पोफळी, माड, थोडी मिरी. वरच्या अंगाला ओढ्यावर आजेसासऱ्यांनी घातलेला मातीचा बांध आहे, उंची 4 मीटरच्या आसपास, तळं भरलं की 40 बाय 30 मीटर पसरतं. दोन वर्षं पायथ्याशी नुसती ओल होती, यंदा चवथीनंतर बारीक धार लागलीय ती अजून चालूच आहे. शेजारचे म्हणतात सिमेंट ओतून बंद करून टाका. सासरे म्हणतात पन्नास वर्षं उभा आहे, काही होत नाही. उन्हाळ्यात पाणी पुरत नाही म्हणून चार वर्षांपूर्वी सांडव्यावर, म्हणजे तळं भरलं की जादा पाणी जिथून बाहेर जातं तिथे, दीड फूट काँक्रीट चढवलं, तेव्हापासून मे संपेपर्यंत पंप चालतो. बांधावर एक मोठा फणस आणि काजूची रोपटी आहेत. खाली दोन घरं आहेत, रात्री जोराचा पाऊस लागला की मला झोप येत नाही. काय करू? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर: ताई, तुम्ही विचारलंय धारेबद्दल पण मला जास्त काळजी वाटली ती त्या दीड फूट काँक्रीटची, त्यावर येतोच, आधी धार बघू.

मातीच्या बांधातून थोडंफार पाणी झिरपतंच, तेवढ्यानं घाबरू नका. बघायचा तो पाण्याचा रंग. स्वच्छ पारदर्शक बाटली त्या धारेखाली भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा, सकाळी तळाला तांबडा गाळ बसलेला दिसला तर पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन बाहेर येतंय, म्हणजे आत नळी तयार होतेय आणि ती रोज रुंद होत जाते. मी असं एका ठिकाणी बघितलंय, पाणी जिथून वर येत होतं तिथे बारीक मातीचा मुंग्यांच्या वारुळासारखा छोटा ढीग झालेला, हातानं सपाट केला तर अर्ध्या तासात परत तेवढाच. असं दिसलं तर एक दिवस थांबू नका. पाणी स्वच्छ असेल तर 10 लिटरची बादली लावा, मोबाईलवर वेळ बघा, किती सेकंदात भरते ते आणि तळ्यातली पातळी वहीत लिहा, दर आठवड्याला. पातळी तीच आणि बादली मात्र लवकर भरायला लागली तर काहीतरी बिघडतंय हे नक्की.

सिमेंट अजिबात ओतू नका. बाहेरचं तोंड बंद केलं की पाणी आत तुंबतं, बांध आतून भिजून मऊ होतो आणि पाणी दुसरीकडून वाट काढतं. सांगे भागात ओळखीच्या एकानं हेच केलं, पुढच्या पावसात दहा फुटांवर नवी धार, आधीपेक्षा मोठी. करायचं ते उलटं, पाण्याला येऊ द्यायचं पण मातीला अडवायचं. धारेवर आधी धुतलेली जाड वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी आणि वर दगड, या क्रमानं थर द्यायचे. हे तात्पुरतं आहे, कायमचा उपाय माणसानं प्रत्यक्ष बघूनच ठरवावा लागतो.

आता काँक्रीट. आपल्याकडे बंधाऱ्यांना पावसाळा संपला की फळ्या घालतात आणि पावसाआधी काढतात, ते बंधारे दगड-काँक्रीटचे, त्यांच्यावरून पाणी गेलं तरी चालतं. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो धुपायला लागतो आणि काही तासांत जाऊ शकतो, म्हणून सांडवा मोकळा हवा. तुमचा सांडवा बारा महिने दीड फूट बंद आहे आणि सत्तरीत वर्षाला शंभर इंचाच्या वर पाऊस! गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या आणि सांडव्याच्या ओठापासून बांधाचा माथा किती उंच आहे ते मोजा, माथ्यावर जिथे गुरांच्या वाटेनं खोलगट झालंय तिथेच मोजा कारण पाणी पहिलं तिथूनच जाणार. निदान मीटरभर अंतर हवं. सासऱ्यांना सांगा, पन्नास वर्षं जो बांध उभा राहिला तो या काँक्रीटशिवायचा होता, काँक्रीटसकट त्यानं फक्त चार पावसाळे बघितलेत. मे महिन्यात ते फोडा, सांडव्यातल्या झावळ्या आणि पाला काढा. उन्हाळ्याच्या पाण्यासाठी खाली वेगळी टाकी बांधा, खर्च आहे, पण दुसरा सुरक्षित मार्ग मला दिसत नाही.

काजूची रोपटी आत्ताच उपटा. फणसाला हात लावू नका, मोठं झाड तोडलं की मुळं आत कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. बांधावर गवत असू दे, फक्त कापून ठेवा म्हणजे खेकड्या-घुशींची बिळं दिसतील.

छोटा बांध म्हणून हलकं घेऊ नका. सरासरी 2 मीटर खोली धरली तरी तुमच्याकडे 24 लाख लिटर पाणी आहे, 10 हजार लिटरचे 240 टँकर एकदम सोडल्यासारखं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, तेही मातीचंच, तुमच्यापेक्षा कितीतरी मोठं, पण गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते आणि माणसं गेली ती गेलीच. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरच्या वरच्या आणि 10 ते 15 मधल्या काही ठराविक धरणांना लागू आहे, तुमच्या बांधाची तपासणी त्याखाली कोणी करायला येणार नाही, बघायचं ते तुम्हालाच.

जलस्रोत खात्याच्या जवळच्या ऑफिसात साधा अर्ज द्या, इंजिनिअरनं येऊन बघावं म्हणून, आणि तळं भरलेलं असतानाच बोलवा, रिकाम्या तळ्यात गळती दिसत नाही. बाटलीत गाळ निघाला तर पंपानं किंवा सायफननं पाणी उतरवायला लागा, दिवसाला फूटभर, त्यापेक्षा घाई केली तर बांधाचा तळ्याकडचा ओला उतार घसरतो. बांध कापून पाणी सोडायचा विचारसुद्धा करू नका. पण धार गढूळ आणि डोळ्यांदेखत वाढत असेल तर पाण्याचा हिशोब सोडा, आधी खालच्या दोन्ही घरांतली माणसं उंचावर न्या आणि 112 ला फोन लावा. त्या घरांतल्या माणसांचे नंबर आजच घेऊन ठेवा, आणि त्यांना ही धार दाखवून या.