व्हँकुव्हरला येऊन व्हॉइस डायरेक्टर व्हायचंय? सविस्तर उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र नीट वाचलं. आधी प्रायोगिक नाटकं, मग दैनंदिन मालिका, आणि गेली काही वर्षं अंधेरीत कार्टूनचं हिंदी-मराठी डबिंग. आता मिस्टरांच्या आयटीतल्या अनुभवावर कॅनडाची पीआर (कायम राहण्याचा परवाना) घ्यायची आणि इथल्या अभिनेत्री निकोल ऑलिव्हर यांच्यासारखं अभिनयातून व्हॉइस डायरेक्शनकडे, म्हणजे कार्टूनच्या आवाजांच्या दिग्दर्शनाकडे वळायचं, असा तुमचा बेत. हे जमेल का, व्हँकुव्हर बरं की टोरांटो, आल्यावर आधी एखादा कोर्स करावा का, आणि तोवर घर कसं चालवायचं, हे तुमचे प्रश्न. मी इथे व्हँकुव्हरला अ‍ॅनिमेशनच्या संवादांचं एडिटिंग करतो. तुम्हाला ज्या खोलीत शिरायचंय तिथला आवाज रोज माझ्या टेबलावर येतो, त्यामुळे माझ्या जागेवरून दिसतं तेवढं मोकळेपणाने सांगतो.

माइकसमोर उभं राहायला येत असाल तर जरूर या. पण डायरेक्टरची खुर्ची हाच बेत धरून येऊ नका. ती जागा जाहिरात देऊन भरली जात नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेपलीकडे बसणाऱ्या निर्मात्यांनी आणि साउंड इंजिनिअरनी तुम्हाला कित्येक वर्षं माइकसमोर पाहिलेलं असतं, तुमच्यामुळे सेशन कसं सुरळीत पार पडतं हे त्यांना ठाऊक असतं, आणि मग कधीतरी कुणीतरी विचारतं, "पुढची सीरिज तूच घेतेस का?"

ऑलिव्हरबाईंचंच बघा. मूळच्या ऑटावाच्या. कॅमेऱ्यासमोरची अभिनेत्री म्हणून त्यांनी सिनेमा-मालिकांत कामं केली, पण जगभर ओळख झाली ती आवाजामुळे. २०१० साली सुरू झालेल्या 'माय लिटल पोनी: फ्रेंडशिप इज मॅजिक' या कार्टून मालिकेत त्या प्रिन्सेस सेलेस्टिया होत्या आणि त्याच मालिकेत चीअरिली ही शाळेतली बाईसुद्धा त्याच. एक सूर्याला उगवायला-मावळायला लावणारी राणी, दुसरी वर्ग सांभाळणारी मास्तरीण, दोघी एकाच गळ्यातून. २०१२ साली 'लिटलेस्ट पेट शॉप' आली, त्यात त्या झोई ट्रेंट ही नखरेल, नाटकी स्पॅनिएल कुत्री झाल्या. पोनीमधली रेनबो डॅश आणि अ‍ॅपलजॅक करणारी अ‍ॅशली बॉल या दुसऱ्या मालिकेतही मुख्य भूमिकेत होती. मंडळी तीच, गाव तेच. पोनी २०१९पर्यंत चालली. इतकी वर्षं एका शहराच्या त्याच त्या रेकॉर्डिंगच्या बूथमध्ये वावरलेली बाई पुढे काचेच्या पलीकडे जाऊन बसली, तर त्यात नवल नाही.

पोनीचे व्हॉइस डायरेक्टर टेरी क्लासन यांचा रस्ताही असाच. 'ड्रॅगन बॉल झी' या जपानी कार्टून मालिकेच्या व्हँकुव्हरमध्ये झालेल्या इंग्रजी डबिंगमध्ये क्रिलिन या पात्राचा आवाज त्यांचा. म्हणजे आधी नट, मग दिग्दर्शक. इथे हा अपवाद नाही, रिवाज आहे.

याचं कारण इथल्या इतिहासात आहे. १९९४ साली इथल्या मेनफ्रेम कंपनीने 'रीबूट' केली, ती अर्ध्या तासाची पहिली पूर्णपणे कॉम्प्युटर अ‍ॅनिमेटेड टीव्ही मालिका. मागोमाग 'बीस्ट वॉर्स'. दुसरीकडे ओशन स्टुडिओत जपानी अ‍ॅनिमेचं डबिंग चालू होतं: 'रान्मा', 'ड्रॅगन बॉल झी', 'इनुयाशा'. त्याच काळात अमेरिकन सिनेमा आणि मालिकांची शूटिंगं स्वस्त डॉलर आणि करसवलती बघून इथे येऊ लागली. त्यामुळे सेटवरचा नट आणि बूथमधला नट अशा दोन वेगळ्या जमाती इथे कधी झाल्याच नाहीत. व्हीनस टर्झो हे नाव बघा. 'रान्मा'मध्ये नायक मुलीच्या रूपात असतानाचा आवाज त्यांचा, 'बीस्ट वॉर्स'मधली ब्लॅकअ‍ॅरॅक्निया त्यांची, आणि १९९८ ते २००५ चाललेल्या 'दा विंचीज इन्क्वेस्ट'मध्ये त्या पडद्यावर पोलीस डिटेक्टिव्ह म्हणूनही होत्या. तुम्ही मालिका आणि डबिंग दोन्ही केलंय, ही इथे तुमच्या जमेची बाजू आहे. एजंटशी बोलताना दोन्हीपैकी एक लपवू नका.

आता कामाविषयी. अंधेरीत तुम्ही तयार चित्रावर बोलता: ओठ बघायचे, लूप (दृश्याचा छोटा तुकडा) पकडायचा, श्वास जुळवायचा. इथे मूळ निर्मितीत आवाज आधी आणि चित्र नंतर. नटासमोर फक्त कागद असतो, त्यावर आकडे घातलेल्या ओळी. तो एकेक ओळ सलग तीनदा म्हणतो, अ, ब, क, मध्ये कुणी बोलत नाही. मग डायरेक्टर बटण दाबून बोलतो. माझ्याकडे आलेल्या एका सेशनमध्ये ओळ एवढीच होती: "थांब, तिकडे जाऊ नकोस!" नटी छान ओरडली होती, पण तिन्ही टेक सारखेच. डायरेक्टर, स्वतः जुनी अभिनेत्री, म्हणाली, "तो ओढ्याच्या पलीकडे आहे, पाण्याचा आवाज मोठा आहे, आणि मागच्या वेळी त्याने तुझं ऐकलं नव्हतं." बस. पुढच्या तीन टेकना आवाज लांबवर गेला आणि तिसऱ्याला 'जाऊ नकोस'वर किंचित चिरला. मी ओळीचा पहिला भाग दुसऱ्या टेकचा आणि शेवट तिसऱ्याचा घेतला, आणि अ‍ॅनिमेटरने त्या चिरलेल्या आवाजावर तिचे डोळे मोठे केले. ओढा तेव्हा कुठेच काढलेला नव्हता. तो डायरेक्टरच्या डोक्यात होता.

व्हॉइस डायरेक्टरचं मुख्य काम हेच. चित्र नसताना अंतर, हवामान, नातं हे सगळं नटाच्या कानात उभं करायचं. चांगला डायरेक्टर ओळ स्वतः म्हणून दाखवत नाही, कारण मग नट नक्कल करतो. कुणाचा गळा किती टिकेल हे ओळखून किंचाळण्याचे, मारामारीचे आवाज सेशनच्या शेवटाला ठेवायचे. प्रत्येक नट वेगळ्या दिवशी, कधी वेगळ्या शहरात रेकॉर्ड होत असताना दोघं समोरासमोर बोलतायत असं वाटलं पाहिजे, हा हिशेब डोक्यात ठेवायचा. पोनीतली ट्वायलाइट स्पार्कल करणारी टारा स्ट्राँग मूळची टोरांटोची, पण १९९४ सालीच लॉस एंजेलिसला गेलेली. ती तिथून रेकॉर्ड करायची, बाकीचे इथे, आणि ट्वायलाइटची गाणी गायची रेबेका शोइशेट. ऐकताना कुणाला पत्ता लागतो का? माझ्या लेखी या धंद्यातली सगळ्यात मोठी कारागिरी ती.

नाटकाच्या तालमींतून आलेल्या माणसाला यातलं पुष्कळ आधीच येत असतं. मराठी रंगभूमीवरच्या लोकांबद्दल मला याची खात्री आहे, हे केवळ आपलेपणातून म्हणत नाही. तालमीत रिकाम्या जागेत भिंत, खिडकी, जिना मानून काम केलेला नट कोऱ्या कागदावरून ओढा उभा करू शकतो.

अडचण येते ती उच्चारांची. इथल्या मालिकेतल्या मुख्य पात्राला सर्वसाधारण उत्तर अमेरिकी इंग्रजी लागतं, आणि ते स्वरांत असतं, व्यंजनांत तितकं नसतं. आपण 'ट' आणि 'व' सुधारत बसतो, आणि पकडले जातो ते 'ऑ' आणि 'अ'च्या लांबीवर आणि वाक्यातल्या आघातावर. नट म्हणून हे वर्ष-दीड वर्षाच्या रियाजाने बरंच साधतं. डायरेक्टर म्हणून मात्र दुसऱ्याचा चुकलेला स्वर तत्क्षणी कानाला खटकला पाहिजे, आणि तो कान इथे राहूनच तयार होतो. २०२० साली अमेरिकेत काही गोऱ्या नटांनी इतर वंशांच्या पात्रांचे आवाज सोडले, त्याच वर्षी डिस्नेची 'मीरा, रॉयल डिटेक्टिव्ह' ही भारतीय नायिकेची मालिका आली, आणि भारतीय आवाजांना मागणी वाढली हे खरं. पण ते दार अरुंद आहे. आजी, दुकानदार, डॉक्टर यांत अडकायचं नसेल तर दोन्ही उच्चार हाताशी हवेत.

आता कागदपत्रं. तुम्ही स्वतः कलाकार म्हणून अर्ज करण्याचा विचार लिहिलाय. त्यासाठी सेल्फ-एम्प्लॉइड पर्सन्स नावाची योजना होती, पण सरकारने ३० एप्रिल २०२४ पासून तिचे अर्ज घेणं थांबवलं आणि ते जानेवारी २०२७पर्यंत थांबेल असं तेव्हा जाहीर केलं. कुणी सल्लागार त्या योजनेच्या नावाने आज पैसे मागत असेल तर तिथून उठा. कोर्सचंही तसंच. १ नोव्हेंबर २०२४पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांना पदवी नसलेल्या डिप्लोमावर नंतरचं वर्क परमिट फक्त ठरावीक विषयांत मिळतं आणि अभिनय, फिल्म त्या यादीत नाहीत. शिवाय १ सप्टेंबर २०२५पासून एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवास सोडून २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात. एवढा पैसा ओतून हाती कामाचा परवानाच नसेल, तर तो कोर्स कितीही चांगला असो, तुमच्यासाठी नाही.

म्हणून एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुण लावून पीआर देणाऱ्या योजनेत, मिस्टर मुख्य अर्जदार, हाच सरळ रस्ता. वयाचे गुण २९नंतर दरवर्षी घटतात आणि ४५ला शून्य होतात, तेव्हा उशीर नको. नोकरीच्या ऑफरचे वेगळे गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झालेत, ते आमिष दाखवणाऱ्यांपासून जपा. तुमच्या इंग्रजीच्या परीक्षेचे २०पर्यंत गुण त्यांच्या खात्यात जमा होतात, ती परीक्षा हलक्यात घेऊ नका. मुख्य अर्जदार म्हणून मिस्टर फ्रेंच चांगलं शिकू शकत असतील तर फ्रेंचवाल्यांसाठी होणाऱ्या निवडीत कटऑफ बराच खाली असतो.

पीआरवर एवढा भर देण्याचं कारण युनियन. ब्रिटिश कोलंबियात नटांची संघटना यूबीसीपी-अ‍ॅक्ट्रा. सभासद व्हायला नागरिक किंवा पीआर असावं लागतं, आणि बहुतेक मोठी अ‍ॅनिमेशनची कामं युनियनची. सुरुवातीला अप्रेंटिस, क्रेडिट (केलेल्या कामांची नोंद) जमत गेले की पूर्ण सभासद. दुसरं म्हणजे कॅनेडियन निर्मिती म्हणून करसवलत हवी असेल तर निर्मात्याला १०पैकी किमान ६ गुण जमवावे लागतात आणि मुख्य आवाज कॅनेडियन असणं त्यात धरलं जातं. पीआर असलेला माणूस त्यांच्या हिशेबात कॅनेडियनच. एजंटबद्दल एवढं लक्षात ठेवा, की या प्रांतात टॅलेंट एजन्सीला सरकारी परवाना लागतो आणि कमिशन १५ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. नाव नोंदवायचे पैसे मागणारा एजंट खरा नाही.

व्हँकुव्हर की टोरांटो? टोरांटोत १९७१ साली सुरू झालेला नेल्वाना हा स्टुडिओ, 'पॉ पट्रोल' ही मालिका काढणारी स्पिन मास्टर कंपनी, जाहिरातींचं काम जास्त, आणि मराठी वस्तीही मोठी. व्हँकुव्हरमध्ये स्टुडिओ एकमेकांच्या जवळ, माणसं थोडी, त्यामुळे तोंडओळख लवकर होते. मिस्टरांना नोकरी जिथे मिळेल तिथे जा, हे माझं प्रामाणिक मत, कारण पहिली काही वर्षं घर त्यांच्या पगारावर चालणार आहे. इथे एका बेडरूमच्या घराला २०२५ साली महिना अडीच हजार डॉलरच्या आसपास भाडं जात होतं. २०२३मध्ये जुलै ते नोव्हेंबर अमेरिकन नटांचा संप झाला, स्ट्रीमिंग कंपन्यांनी हात आखडले, आणि अ‍ॅनिमेशनची कामं तेव्हापासून कमीच आहेत. अनुभवी आवाजही आज रिकामे बसलेले मी पाहतो. त्यात यंत्राने केलेल्या आवाजांची धास्ती आहेच.

एक मार्ग मात्र तुम्हाला सुचवावासा वाटतो, कारण त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीत डायरेक्टरशेजारी एक माणूस कागदावर टेक लिहीत बसलेला असतो: कुठला आवडला, कुठला राखीव, कुठे शब्द चुकला. कास्टिंगच्या ऑफिसात ऑडिशनच्या फाइली लावणारा असतो. पगार बेताचा, पण त्या खुर्चीवरून सगळे डायरेक्टर, सगळे नट, सगळे निर्माते ऐकायला आणि भेटायला मिळतात. परक्या देशातून आलेल्याला इथली गेलेली वर्षं भरून काढायची असतील तर याहून जवळचा रस्ता मला दिसत नाही. तुम्ही अंधेरीत डबिंगच्या वेळी नवख्यांना सांभाळून घेता असं लिहिलंय. ते अनुभवाच्या कागदावर स्पष्ट 'डबिंग डायरेक्टर' म्हणून घाला, स्टुडिओकडून पत्र घ्या, आणि येईपर्यंत ते काम वाढवा. आल्यावरही हिंदी-मराठीची कामं घरच्या माइकवरून चालू ठेवा. वेळेतला फरक सांभाळून इथून तिकडे काम करणारी मंडळी आहेत.

निघायच्या आधी एक मिनिटाचा इंग्रजी डेमो, म्हणजे आवाजाचा नमुना, करा. त्यात पाच-सहा पात्रं, नक्कल कुणाचीही नको, आणि सगळ्यात पहिला तुमचा स्वतःचा साधा आवाज, कारण एजंट पहिले दहा सेकंद ऐकून ठरवतो. खोलीत घुमणारा आवाज नको, गाद्या-रजया लावून केलंत तरी चालेल. फाइल मला पाठवा. मी ऐकून कुठले स्वर खटकतात ते ओळीओळीने लिहून कळवतो, आणि मिस्टरांच्या एक्सप्रेस एंट्रीच्या प्रोफाइलची तारीख ठरली की तीही सांगा.