बाळाची पावलं जन्मतः आत वळलेली आहेत, मालिश करत सहा महिने थांबावं का?

नका थांबू. तुम्ही लिहिलंय की पुतण्या वीस दिवसांचा आहे आणि आजी रोज तेल लावून पाय ओढताहेत. पाऊल हलक्या हातानं सहज सरळ होत असेल, तर बहुधा पोटात अवघडून राहिल्यानं तसं झालंय. तरी डॉक्टरांना दाखवाच. पण टाच वर ओढलेली आणि पाऊल ताठ असेल तर तो क्लबफूट. तो तेलानं जात नाही. आणि ग्रहणात भाजी चिरली म्हणून वहिनींना कुणी बोल लावत असेल, तर त्याचं तोंड आधी बंद करा.

मी सरकारी दवाखान्यात प्लास्टरच्या दिवशी आईबापांना समजावून सांगायचं काम करते. उपचाराला पॉन्सेटी पद्धत म्हणतात. दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात, साधारण पाच-सहा वेळा. मग बहुतेक बाळांची टाचेमागची ताठ शीर बारीक छेद देऊन मोकळी करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. घरी बोटांवर लक्ष ठेवा. निळी पडली, सुजली किंवा आत दिसेनाशी झाली, तर तसंच उचलून दवाखान्यात न्या. दिसत नाहीत म्हणजे प्लास्टर घसरलंय.

इथवर बहुतेक जण येतात. घोळ होतो तो पुढे. दांडीला जोडलेले बूट पहिले 3 महिने दिवसाचे 23 तास, नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना घालायचे असतात. पाय तर सरळ दिसतोय, पोर रडतंय, मग बूट माळ्यावर जातात. आमच्या बीडकडे दिवाळीनंतर जोडपी ऊसतोडीला जातात. फडावर बूट लहान झाले तर नवे आणणार कुठून? तोडणीचा हंगाम संपून परत येईतो पाय पुन्हा वळलेला. लोक अंधश्रद्धेला नावं ठेवतात, मला बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडंच जास्त आडवं येताना दिसतं. बाहेरगावी जाणार असाल तर आधी सांगा, पुढच्या मापाच्या बुटांचं बघता येतं.

खर्चाची धास्ती नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून हे उपचार मोफत आहेत. आशाताईंना उद्याच गाठा, त्या पुढं पाठवतील.

शेजारचा सहा वर्षांचा मुलगा पावलाच्या कडेवर चालतो म्हणता, त्यालाही सोबत न्या. त्याला प्लास्टरं जास्त लागतील, कदाचित ऑपरेशनही, पण वेळ गेलेली नाही.