पाखरं मारून सुटका नाही, अळ्यांचं ठिकाण शोधा

ताई, तुम्ही लिहिलंय की रव्याला जाळी धरली म्हणून रवा, मैदा, बेसन सगळं टाकलं, कपाट पुसलं, तरी महिन्याभरात ट्यूबलाइटभोवती पुन्हा पाखरं दिसायला लागली. आता ती पैठणीवर जातील अशी भीती वाटतेय.

पैठणीची काळजी आधी मिटवते. धान्यातलं पाखरू कपड्याला तोंड लावत नाही. लोकर-रेशीम खाणाऱ्या कसरीचा पतंग वेगळा असतो, जेमतेम पाऊण सेंटिमीटरचा, फिकट सोनेरी, उजेडाला बुजणारा. पैठणी स्वच्छ करून मलमलीत ठेवा, अधूनमधून घडी मोडा.

आता मूळ दुखणं. उडणारं पाखरू धान्य खातच नाही. ते थोडे दिवस जगतं, पण तेवढ्यात मादी शेकडो अंडी घालते. खाते ती अळी, आणि खाताना तोंडातून धागा सोडते. रव्यातल्या गुठळ्या आणि लोंबणारे झुपके त्याचेच. पोट भरलं की ती डब्यातून निघते, भिंतीवरून वर चढते आणि छताच्या कोपऱ्यात, फळीखाली, बिजागरीत, बरणीच्या झाकणाच्या आट्यांत कोष करते. तुम्ही सामान टाकलंत तेव्हा पुढची पिढी डब्याबाहेर होती.

म्हणून प्रत्येक झाकण काढून आट्यांमधून जुना टूथब्रश फिरवा, आतली चकती निघत असेल तर उचकटून बघा. पांढुरकं, कापसासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तोच कोष. फळ्यांवरचे कागद काढून टाका. फळी टेकवायच्या खिळ्यांची भोकं व्हॅक्यूमने ओढा आणि आतला कचरा लगेच घराबाहेर काढा.

सामान टाकताना बहुतेक जण स्वयंपाकघरच बघतात. देवघराचा खण उघडलात का? ओटीचे तांदूळ, खारका, बदाम पिशवीत महिनोन् महिने पडून असतात. वाळलेल्या लाल मिरच्या, गावाहून आलेले शेंगदाणे, पक्ष्यांची बाजरी, कुत्र्याचं खाणंही तपासा.

नवीन रवा-मैदा आणला की उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये किमान चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पुडा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडू नका, नाहीतर आत ओल धरते. रवा मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून भरला तरी चालतं. पातळ प्लास्टिक अळी कुरतडते, म्हणून घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यातच भरा. नुसत्या उन्हावर माझा भरवसा नाही. अळ्या सावलीकडे पळतात आणि अंडी वाचू शकतात. कडुलिंबाच्या पाल्याने लागलेली कीड जात नाही.

एक कळकळीने सांगते. गोदामात धुरीसाठी वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात कुणी दिल्या तरी घेऊ नका. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू जीव घेतो. डांबराच्या गोळ्याही धान्याजवळ नकोत.

गंधाचे चिकट सापळे ठरावीक जातीच्या नरांनाच ओढतात. त्यांचा उपयोग अंदाज घेण्यापुरता.

आपल्या हवेत अंड्यापासून पाखरू व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो, तेव्हा दोन महिने दर आठवड्याला झाकणं आणि छताचे कोपरे बघत राहा. मधे एखाददुसरं पाखरू उडालं तर ते जुन्या कोषातलं असेल. नवी जाळी दिसली तर मात्र कुठलातरी पुडा नजरेतून सुटलाय.