शेतात वीरगळ निघाला : विकू का, पुरू का, देवळात ठेवू का?

भावा, तुझा प्रश्न नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. खानापूर तालुक्यात हलशीच्या बाजूला तुझं शेत आहे. उसासाठी जमीन सपाट करताना जेसीबीच्या बकेटला एक वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, लागला. त्याच्या तळाशी अक्षरं आहेत. शेजारी मोठ्या विटा, खापरं आणि राखेचा काळा थर दिसतोय. भाऊ म्हणतो, गोव्याकडचा एक पाव्हणा फोटोवरनंच पैसे द्यायला तयार आहे. आई म्हणते, देव आहे, देवळात नेऊन ठेवूया. गल्लीतली पोरं म्हणतात, अक्षरं कन्नड आहेत, गप पुरून टाक, उगाच सीमावादात कर्नाटकवाल्यांच्या हातात पुरावा कशाला द्यायचा. आणि चुलते म्हणतात, सरकारला कळलं की जमीन गेलीच म्हणून समज.

आधी तातडीचं. जेसीबी थांबव. वीरगळ कुठं पळून जात नाही, पण त्याच्या भोवतीची माती एकदा उलटली की कुणालाही परत बसवता येत नाही. घडणीवरून वीरगळ मला कदंब-रट्ट या राजघराण्यांच्या काळातला, अकराव्या ते तेराव्या शतकातला वाटतो. खालच्या चौकटीत लढाई आणि गुरांची रांग आहे, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगापुढं बसलाय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य आहेत. गावाची गुरं सोडवताना पडलेल्या माणसाचा दगड आहे हा. पण तुझ्या फोटोत माझी नजर त्याच्या डावीकडच्या विटांवर जास्त खिळली. त्या खरंच दीड फूट लांब असतील, तर वीरगळाच्याही हजार वर्षं आधीच्या असू शकतात. म्हणजे तुझ्या बांधाला एकाखाली एक अशा दोन वस्त्या असण्याची शक्यता आहे. ही शक्यता तपासायची तर वीट, खापर, राख ज्या थरात आहेत त्याच थरात राहायला हवीत. ट्रॉलीत भरून घरी आणलेली वीट ही नुसती वीट असते.

लोकांना हे पटत नाही, कारण पुरातत्व म्हटलं की आपल्याकडं डोळ्यासमोर दोनच गोष्टी येतात, सोन्याचा हंडा आणि सरकारी नोटीस. हंड्याच्या नादानं कर्नाटकात किती देवळं पोखरली गेलीत ते तू बघतोसच. रानातल्या पडक्या देवळातला नंदी छातीवर छिन्नी मारून फोडलेला असतो, गाभाऱ्याची फरशी उखडलेली असते, बाजूला लिंबू-नारळ पडलेले असतात. २०१९ च्या जुलैमध्ये हंपीजवळच्या आनेगुंदीला नववृंदावनात माध्व संत व्यासराजांचं वृंदावन, म्हणजे समाधी, निधीच्या म्हणजे पुरलेल्या धनाच्या हव्यासापायी रात्रीतून फोडलं गेलं. आत सोनं असेल ही अफवाच तेवढी पुरली. बरं, हा हव्यास फक्त चोरांचा नाही. उत्खननाची बातमी आली की शिकलेली माणसंही पहिल्यांदा हेच विचारतात, ‘काय मिळालं?’

मिळतं काय, ते तुझ्याच गावाच्या शेजारचं उदाहरण घेऊन सांगतो. हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. हलशीच्या बाहेर, नंदगडच्या वाटेवर चक्रतीर्थ नावाच्या विहिरीजवळ मातीच्या ढिगाऱ्यात कदंबांचे ताम्रपट सापडले. शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी १८७७ च्या सुमारास ते वाचून छापले. धातू म्हणून बघितलं तर तांब्याचे जुने पत्रे, मोडीच्या भावात गेले असते. पण त्यांत लिहिलंय काय? काकुत्स्थवर्मा या कदंब राजपुरुषानं आपला जीव वाचवणाऱ्या श्रुतकीर्ती सेनापतीला शेत दिलं. मृगेशवर्म्यानं पलाशिकेत जिनालय बांधलं आणि ३३ निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या जैन संघांना दिली. रविवर्म्यानं ठरवून दिलं की गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी कार्तिकात जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत यापनीय साधूंच्या जेवणाखाण्याची सोय व्हावी. यापनीय पंथ पुढं नाहीसाच झाला. आपल्या खानापुरी पावसात दीड हजार वर्षांपूर्वी ते साधू हलशीत चातुर्मासाला थांबत होते आणि त्यांचं पोट राजा भरत होता, हे आज सांगता येतं ते या पत्र्यांमुळं. ते कुणी वितळवून घागर केली असती, तर एवढा सगळा मामला कायमचा पुसला गेला असता.

असंच बेळगावातल्या वडगाव-माधवपूरचं. आज जिथं विणकरांची घरं आणि मागांचा आवाज आहे, तिथं सातवाहनकाळात भरलेलं गाव होतं. ब्राह्मी अक्षरांचा दगडी खांब तिथं निघाला, त्यात वाजपेय यज्ञाचा उल्लेख आहे. बेळगावची किती माणसं रोज तिथून जातात आणि कितीजणांना हे ठाऊक आहे? आणखी मागं जायचं तर गोकाकजवळच्या चिकदौलीला भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना गेंड्याची अश्मीभूत हाडं मिळाली, १८७४ मध्ये त्यांनी ती जगापुढं ठेवली. गोकाकला गेंडा! मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती आधी हसतात आणि मग अर्धा तास प्रश्न विचारत बसतात. यात कुठंही सोनं नाही.

आता गोव्याच्या पाव्हण्याचं. भावाला स्पष्ट सांग, हा व्यवहार गुन्हा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, कोरीव दगड, नाणं ही पुरावस्तू ठरते. परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. बाहेर पाठवल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब बघ. तो पाव्हणा तुला देईल त्याच्या कितीतरी पट किमतीला दगड पुढं जाईल, वाटेत त्याचं गाव पुसलं जाईल आणि कुणाच्या तरी बंगल्याच्या बागेत ‘दक्षिण भारत, मध्ययुगीन’ एवढीच चिठ्ठी त्याच्यापुढं राहील. ज्या गावासाठी तो माणूस मेला त्या गावाचं नावही उरणार नाही. बेळगावच्या किल्ल्यातला रट्टांच्या काळचा एक शिलालेख आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो निदान छापला गेला, वाचला गेला, कुठला ते माहीत आहे. चोरून विकलेल्या दगडाला तेवढंही मिळत नाही.

चुलत्यांची भीती मी उडवून लावणार नाही. संरक्षित स्मारकाच्या शेजारी राहणाऱ्यांना काय त्रास होतो ते मी जवळून पाहिलंय. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. २०१० च्या दुरुस्तीनंतर हे अधिक कडक झालं. पडकी भिंत सारवायची तरी माणूस कचरतो. पुरातत्व खातं येतं, फलक लावतं, निघून जातं. गावाशी कुणी बसून बोलत नाही. त्यातून ही भीती पिकते आणि तिचं मोल शेवटी दगडच चुकवतात, कारण लोक गुपचूप पुरून टाकतात नाहीतर फोडतात. पण तुझ्या बाबतीत काय होईल ते नीट समजून घे. एकटादुकटा वीरगळ मिळाला म्हणून शेत संरक्षित स्मारक होत नाही. असे वीरगळ आपल्या भागात गावोगाव वेशीवर, तळ्याच्या बांधावर उभे आहेत. समजा जागा खरंच मोठी निघाली, तरी संरक्षित जाहीर करण्याआधी सरकारला दोन महिन्यांची सूचना काढावी लागते आणि तेवढ्या मुदतीत तुला हरकत घेता येते. आणि त्या १०० मीटरांतली बंदी बांधकामाला आहे, पेरणीला नाही. उलट लपवण्यात धोका जास्त. जमिनीत दडलेला निधी सापडला की डीसींना (जिल्हाधिकाऱ्यांना) कळवायचं, असं कर्नाटकाचा १९६२ चा कायदा सांगतो. आज जेसीबीवाल्यानं फोटो काढलाय, उद्या तो कुठं फिरेल सांगता येत नाही.

पोरांच्या बोलण्यानं मात्र मला खरंच वाईट वाटलं. सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे का सुचतं ते मला कळतं. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या भांडलोय आणि ते भांडण योग्यच आहे. पण ते आजच्या माणसांच्या आजच्या हक्काचं आहे. बाराव्या शतकातल्या दगडाला त्यात साक्षीला उभं करू नका, कुणाच्याच बाजूनं. कोल्हापूरच्या शिलाहार राजांचे कितीतरी लेख कन्नडात आहेत, म्हणून कोल्हापूर उद्या कुणी मागायला येत नाही. आणि श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचामुंडराजें करवियलें’ ही मराठी ओळ आहे, तिच्याच सोबतीला कन्नड आणि तमिळ ओळी आहेत. ती मराठी ओळ ज्यांनी इतकी शतकं जपली ती माणसं कन्नड बोलणारी. आपल्या बांधावरच्या कन्नड अक्षरांशी आपण त्याहून वाईट वागायचं? तुझ्या शेतात पडलेला तो माणूस घरी काय बोलत होता ते कुणालाच ठाऊक नाही. त्यानं गुरं सोडवली आणि तो मेला, एवढं दगड सांगतो. अक्षरं वाचली गेली तर त्याचं नाव कळेल. नाव पुरून टाकायचा हक्क मी तरी कुणाला देणार नाही.

आईंचं म्हणणं मला सगळ्यात जवळचं. वीरगळ गावातच राहावा, त्याला कुणी दिवा लावत असेल तर लावू द्यावा. म्युझियमच्या मागच्या व्हरांड्यात नंबर पडून धूळ खाण्यापेक्षा ते हजारपट बरं. आपल्या जिल्ह्यात कित्तूरच्या किल्ल्यात म्युझियम आहे. गावात चोरीचा धोका असेल तर तिथं देता येईल, पण माझा पहिला कौल गावाला. मात्र नोंद आधी, स्थापना नंतर. आणि स्थापना करताना तीन गोष्टींपासून दगड वाचवा : तेल-शेंदराचे थर, ऑइल पेंट आणि सिमेंट. का ते सांगतो. लेख वाचायला ठसा घ्यावा लागतो. दगड नुसत्या पाण्यानं धुऊन त्यावर ओला कागद बसवतात, ब्रशनं हलके ठोके देत कागद अक्षरांच्या खोबणीत उतरवतात आणि थोडा सुकला की शाईचा बोळा वरून थापत जातात. खोबणीतला कागद पांढरा राहतो, बाकीचा काळा होतो, आणि उन्हात उभं राहून तासभर न दिसलेली ओळ एकदम समोर येते. एका गावात भक्तांनी वर्गणी काढून वीरगळ चांदीच्या रंगानं रंगवला होता. मनात खोट कुणाच्याच नव्हती. पण रंग खोबणीत भरून सुकला होता आणि ठशाचा कागद सगळा सारखाच काळा आला. तळाच्या दोन ओळी तर सिमेंटच्या कट्ट्यात गेलेल्या. तो लेख आज वाचता येत नाही.

अभ्यासकांनाही माझं एक सांगणं आहे, या धाग्यावर काहीजण आहेत म्हणून इथंच लिहितो. तुम्ही येता, गावकरी दगड धुवायला पाणी आणून देतात, घरी जेवायला बसवतात. तुमचा लेख इंग्रजीत छापून येतो आणि ज्याच्या बांधावरचा दगड त्याला त्यात काय लिहिलंय ते कधीच कळत नाही. वाचन झालं की एक पान मराठीत, एक पान कन्नडात लिहून पंचायतीत लावा, शाळेत एक तास द्या. हे उपकार म्हणून करायचं नाही, गावाचं देणं म्हणून करायचं. ज्या गावाला आपला दगड काय बोलतो ते माहीत आहे, तिथं पाव्हण्याला कुणी फोटो पाठवत नाही.

आता तू काय करायचंस ते. वीरगळाचे फोटो सकाळी लवकर काढ, ऊन तिरकं असताना; नाहीतर रात्री टॉर्च बाजूनं धरून. अक्षरं उठून दिसावीत म्हणून पीठ, खडू, हळद काही चोळू नको, तारेचा ब्रश तर नकोच. शेजारी शाळेची पट्टी ठेव म्हणजे माप कळेल. एका अख्ख्या विटेची लांबी, रुंदी, जाडी जागेवरच मोजून इथं टाक. खापरं उचलू नको. जेसीबीनं आधीच वर काढलेली असतील ती न धुता, खड्ड्याच्या कुठल्या बाजूची ते लिहून कागदी पिशवीत ठेव. काठाचे तुकडे फेकू नको, भांड्याचा काळ बहुतेक काठावरनंच ओळखतात. राखेला हात लावू नको, कोळशाचा तुकडा मिळाला तर त्यावरून कालमापन होऊ शकतं. जागेचं लोकेशन फोनमध्ये जपून ठेव आणि या धाग्यावर उघड टाकू नको, निधीवाले इथंही वाचतात.

अर्ज तहसीलदारांना दे, प्रत डीसी ऑफिसला आणि पंचायतीच्या पीडीओंना (विकास अधिकाऱ्यांना). सोबत उताऱ्याची झेरॉक्स आणि फोटो जोड. कन्नडात लिहून दे आणि मराठी प्रत मागं लाव, म्हणजे कागद भाषेवरून परत येणार नाही. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नको. अर्जात एक ओळ जरूर घाल : ‘वीरगळ गावातच ठेवावा अशी आमची इच्छा आहे.’ धारवाडला केंद्रीय पुरातत्व सर्वेक्षणाचं मंडल कार्यालय आहे आणि म्हैसूरला त्यांची शिलालेख शाखा. तिथंही एकेक प्रत पोस्टानं पाठव. खालून उत्तर यायला वेळ लागला तरी वरची नोंद राहते.

कन्नड अर्जाचा मसुदा मी उद्या संध्याकाळपर्यंत तुला पाठवतो. तोवर खड्ड्यावर ताडपत्री घालून कडेला दगड ठेव, आणि पाणी आत उतरू नये म्हणून वरच्या बाजूनं एक चर मार, पण खड्ड्यापासून चांगला लांबून.